गळ्यामागची पट्टी

तिसगावच्या आठवडे बाजारात चांगुणामावशीची जुन्या कपड्यांची गाठ फुटते तेव्हा सगळ्यांत आधी वास येतो. बंद गोदामाचा, डांबरगोळ्यांचा, कुणाच्या तरी परक्या अत्तराचा. मावशी विळ्याने गाठीचे प्लास्टिकचे पट्टे तोडते आणि दाबून बसवलेले कपडे फुगून वर येतात. भोवती बायका उकिडव्या बसलेल्या असतात, पण गाठीत कुणी हात घालत नाही. नियम सगळ्यांना ठाऊक आहे. आधी मावशी एकेक कपडा उचलणार, त्याची मान उलटी करणार, गळ्यामागची पट्टी कात्रीने कापणार आणि ती पट्टी कमरेच्या पिशवीत टाकणार. मग कपडा बायकांच्या पुढ्यात.

"घ्या आता. मोकळा झाला."

बारा वर्षांपेक्षा जास्त काळ मी हे बघत आले. ती माझ्या आईची सख्खी बहीण. मी टेक्स्टाईलचा डिप्लोमा केला, आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिली, तेव्हा मावशीने बाजारात पेढे वाटले होते. "माझी भाची कपड्याचं शिकली," असं ती लोकांना सांगायची. शेजारी मशीन घेऊन बसणारा सॅम्युएल टेलर विचारायचा, "कपड्याचं शिकायला कॉलेज कशाला लागतं गं चांगुणे? आमी काय झाडपाला शिवतो व्हय?"

सॅम्युएलकाका मावशीच्या गाठीतल्या पँटी आखूड करायचा, चेन बदलून द्यायचा. त्याची मशीन आणि मावशीचा ढीग एकाच कडुलिंबाखाली. ओढ्यावरच्या पुलाला लागून असलेली ती जागा म्हणजे मावशीचं सगळं. शेत दिराकडे गेलं, तिचे यजमान वारले, मूल नाही. बाजारातली ही जागा तिची होती आणि त्या जागेमुळे ती गावात कुणीतरी होती.

हा धंदा तिला बनुबाईने शिकवला. बनुबाई बोहारीण होती. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरायची, जुनं लुगडं घेऊन वाटी द्यायची. मावशी सुरुवातीला तिची पाटी उचलायला जायची. त्या काळात जुन्या कपड्याचं काहीही वाया जात नव्हतं. चांगलं लुगडं दुसरी बाई नेसायची. विरलं की त्याची गोधडी व्हायची. गोधडी फाटली की पायपुसणं, आणि शेवटची चिंधी गॅरेजवाला ग्रीस पुसायला न्यायचा. कपडा मरायचा, पण त्याचं मढं मागे राहत नव्हतं.

बनुबाईचा एकच दंडक होता. मेलेल्या माणसाचं काही घ्यायचं नाही. गावात ते सोपं होतं, कोण कधी गेलं हे सगळ्यांना माहीत. पण मग नगरच्या व्यापाऱ्याकडे बंदरावरून गाठी यायला लागल्या. समुद्रापलीकडचे कपडे. गाठ बंद विकत घ्यायची, आत काय आहे ते घरी येऊन बघायचं, पट्टा तोडला की माल परत नाही. त्या गाठीत स्वेटर असायचे, जर्किनं असायची, मुलांचे जाड पायजमे असायचे. ऊसतोडीला जाणारी, कांदा काढायला रानात राहणारी माणसं थंडीत कुडकुडत होती, त्यांना हे कपडे म्हणजे लॉटरीच. पण कोण मेलं आणि कोण जिवंत, हे गाठ सांगत नव्हती.

एका वर्षी लंकाबाईने नवऱ्यासाठी तपकिरी स्वेटर नेला. लंकाबाई म्हणजे ऊसतोडीच्या एका टोळीतली, तोंडाची फटकळ. उसाच्या फडावर तिच्या नवऱ्याला ताप भरला आणि तो काही केल्या उतरेना. माघारी आल्यावर तिने स्वेटर सिल्व्हियाबाईंना दाखवला. सिल्व्हियाबाई इथल्या शाळेत शिक्षिका, आणि त्यांची धाकटी बहीण परदेशात नर्स. गळ्यामागे कंपनीच्या लेबलाखाली एक पांढरी बारीक पट्टी शिवलेली होती, त्यावर साधी अक्षरं. बाईंनी ते वाचलं.

"हे कंपनीचं नाव नाही गं लंका. हे माणसाचं आहे. तिकडे म्हाताऱ्यांच्या आश्रमात धुण्यात कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून असं नाव शिवतात. माझी बहीणच शिवते."

"म्हंजी त्यो म्हातारा?"

बाईंनी स्वेटरची घडी करून तो तिच्या हातात परत दिला. लंकाबाई भर बाजारात आली आणि तिने तो स्वेटर मावशीच्या अंगावर फेकला.

"मढ्याचं इकलंस मला! माझ्या मालकाला मढ्याचं घातलंस!"

नवरा पुढे बरा झाला. पण त्यानंतर कितीतरी बाजार मावशीच्या ढिगाला कुणी शिवलं नाही. शेवटी मावशीनेच तोड काढली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गळ्यामागची पट्टी कापायची. कंपनीची कुठली आणि माणसाची कुठली हे तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दिसेल ती पट्टी कापायची. नाव कापलं की आधीच्याचा कपड्यावरचा हक्क संपला. आणि नाव पायाखाली येऊ नये म्हणून सगळ्या पट्ट्या पिशवीत जपून ठेवायच्या, सर्वपित्री अमावास्येला शेवगाववरून पैठणला जायचं आणि गोदावरीत, म्हणजे तिच्या भाषेत गंगेत, सोडायच्या.

"ज्यांचं हितं कुनी न्हाई, त्यांना आपुन पानी द्यायचं," ती म्हणायची. लोकांना पटलं. बायका परत ढिगाभोवती बसल्या. लंकाबाईसुद्धा.

मी हे सगळं सांगते आहे, कारण पुढे जे घडलं ते या एवढ्याशा पट्टीमुळे घडलं.

गेल्या काही वर्षांत गाठीतला माल बिघडत गेला. आधी सुती, लोकरी कपडे निघायचे. आता गाठ फोडली की निम्म्याहून जास्त पातळ, चकचकीत, दोन धुण्यांत आकार गेलेले कपडे. डिप्लोमाला असताना प्रयोगशाळेत आम्ही धागा जाळून बघायचो. सुती धाग्याची राख होते, पॉलिस्टरचा काळा मणी होतो आणि बोटाला चिकटतो. मावशीच्या गाठीत बहुतेक काळा मणीच होता. गॅरेजवाला हे कापड घेईना, कारण ते तेल शोषत नाही. गोधडीत घातलं तर सरकतं आणि घाम काढतं. जाळलं तर गल्लीभर धूर, आणि खाली डांबरासारखा गोळा. मग ते पोत्यात भरून ओढ्याच्या कडेला ठेवायचं. पोती उन्हाने फाटली. ढीग ओढ्यात उतरला.

श्रावणात एका बाजाराच्या दुपारी वरच्या अंगाला जोरात पाऊस झाला. ओढ्याला पाणी आलं, पण पुलाखालून ते जाईना. पुलाच्या नळ्यांत लेगिंग्ज आणि जर्किनांची अस्तरं अडकून बोळे झाले होते. पाणी फिरलं आणि बाजारात शिरलं. बाजरीची पोती भिजली, मिरचीचे ढीग वाहून गेले, आणि पाणी ओसरल्यावर बाजारभर मावशीच्या चिंध्या पसरल्या होत्या. कुणाला विचारायची गरजच नव्हती.

आदिनाथ दुसऱ्या दिवशी आला. तो ग्रामपंचायतीचा सदस्य, तरुण, बोलायला गोड.

"चांगुणाकाकू, लोकं लई तापल्यात. नवरात्रात मोहट्याच्या देवीला जानारी समदी गर्दी ह्याच रस्त्यानं जाती. घटस्थापनेच्या आत वढा मोकळा पायजे."

"आन न्हाई झाला तर?"

"तर जागा जाईल काकू. माझ्या हातात न्हाई त्ये."

"तुझ्या अंगातलं जर्किन कुठून आलं रं आदिनाथ?"

त्याने खाली बघितलं. "तुमच्याकडूनच."

"मग निदान ह्या जर्किनाची तरी लाज राख."

पण जागेची गोष्ट खरी होती. ढीग एवढा होता की गावातला एकही ट्रॅक्टरवाला हात लावायला तयार नव्हता. उचलून टाकायचा तरी कुठे? पुढच्या गावाच्या ओढ्यात?

मी तेव्हा नगरजवळच्या केडगावला एका केंद्रात नोकरीला होते. जुने कपडे गोळा करून निवडणारं केंद्र, एका संस्थेने परदेशी निधीतून उघडलेलं. आलेल्या कापडाचा धागा कसला आहे हे तपासायचं काम माझं. मी सुट्टीला आले तेव्हा मावशी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी तिला तो निधी काय आहे ते समजावून सांगितलं.

"मावशी, तिकडच्या काही देशांत नवा शर्ट घेतला ना, की त्याच्या किमतीतच थोडे पैसे बाजूला काढतात. तो शर्ट जुना झाला, फाटला, की त्याची विल्हेवाट लावायला. कंपनीने ते भरायचे असा कायदाच आहे. ज्याने बनवला त्याची जबाबदारी."

"ब्येस हाय की. कुठं जात्यात ते पैसं?"

"तिथल्याच संस्थांकडे. त्या कपडे गोळा करतात, निवडतात."

"आन मंग?"

"चांगले तिथेच विकतात. उरलेल्यांच्या गाठी बांधून बाहेर पाठवतात."

"भाईर म्हंजी?"

"म्हणजे इथं मावशी. तुझ्याकडे."

मावशीचा हात मेथीवर थांबला. "आन पैसं?"

"ते तिथंच राहतात."

मावशीने तरुणपणी सासऱ्याबरोबर नगरच्या मार्केटात कांदा नेलेला. तिथे पावतीवर हमाली कापून घेतात हे ती विसरलेली नव्हती.

"म्हंजी हमाली त्यांनी कापून घ्येतली," ती म्हणाली, "आन पोतं माझ्या पाठीवर."

मी शिकत असताना या विषयावर एक अख्खा पेपर लिहिला होता. त्यात हे वाक्य नव्हतं. त्यात तक्ते होते.

मी तिला पुढचं सांगितलं. आता त्या निधीतला काही भाग कपडे शेवटी जिथे पोचतात तिथे खर्च करायचा, असा प्रयोग चालू झाला आहे. आमचं केंद्र त्यासाठीच आहे. तुझा ढीग म्हणजे नेमकं तेच. आम्ही गाडी पाठवू, ढीग उचलू, ओढा मोकळा होईल. मावशी हसली. श्रावणानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

केंद्राचे प्रमुख सुनील सर स्वतः तिसगावला आले. पांढरी गाडी, बरोबर कॅमेरावाला. सर वाईट माणूस नव्हते, हे लिहायलाच हवं. पण त्यांना सगळीकडे फोटो दिसायचा. मावशीला त्यांनी ढिगासमोर उभं केलं, मग कात्री हातात धरायला लावली, मग दूर कुठेतरी बघायला लावलं.

"कुठं बघू?"

"तिकडे. भविष्याकडे बघताय असं."

"तिकडं मटनाचं दुकान हाय."

सॅम्युएलकाका मशीनवर डोकं टेकून हसला. सर पण हसले. "मावशी, तुम्ही किती मोठं काम करताय याची तुम्हाला कल्पना नाही."

"हाय की. कंबर रोज सांगती."

मग सर ढिगाजवळ वाकले आणि त्यांनी एक टी-शर्ट उचलला. गळा बघितला. दुसरा उचलला. तिसरा. पुढे ते भराभर उलटून बघायला लागले.

"सृष्टी, लेबलं कुठे आहेत?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. लंकाबाई, पांढरी पट्टी, अमावास्या, पैठण. कॅमेरावाल्याने हे ऐकून कॅमेरा पुन्हा चालू केला.

सर कपाळ चोळत म्हणाले, "मावशी, प्रॉब्लेम असा आहे की कुठल्या कंपनीचा कपडा आहे हे कळल्याशिवाय त्या कंपनीच्या खात्यातून खर्च करता येत नाही. ट्रेसेबिलिटी लागते. लेबल स्कॅन केलं तरच तो माल मोजला जातो. लेबल नसलेल्याला आम्ही अनाथ कचरा म्हणतो. त्याला निधी नाही."

"अनाथ?" मावशी म्हणाली.

"हो. म्हणजे कुणाचा ते माहीत नाही असा."

"मला ठावं न्हाई, तुमाला ठावं न्हाई. पर ज्यानं बनवला त्याला तर ठावं हाय ना? आई-बाप जिते हायेत त्याचे. चांगले जेवत्यात. पोराला माझ्या दारात सोडून गेलेत, आन वर तुमी त्याला अनाथ म्हनता?"

सर म्हणाले, नियम आमचे नाहीत. गाडीत बसताना त्यांनी मला हळूच सांगितलं की मावशीचा व्हिडिओ फार छान आला आहे, वार्षिक परिषदेत दाखवता येईल.

त्या दिवसापासून मला केंद्रातलं कापड वेगळं दिसायला लागलं. आमच्याकडे येणारा बहुतेक माल जुना नव्हताच. एका निर्यात कारखान्यातून येणारं नवंकोरं कात्रण होतं ते. कुणाच्या अंगाला न लागलेलं, एका रंगाचं, एका धाग्याचं, आणि बरोबर कंपनीच्या लेबलांची भेंडोळी. स्कॅन करायला सोपं, निवडायला सोपं, फोटोत स्वच्छ. कंपनी आपल्याच कारखान्यातला कचरा आपल्याच निधीतून उचलून घेत होती आणि कागदावर ती जबाबदार ठरत होती. इकडे तिसगावच्या ओढ्यात तिचाच कपडा सडत होता. मी सरांना हे विचारलं. ते म्हणाले, सुरुवात सोप्या मालापासून करायची असते.

सॅम्युएलकाकाने एक तोडगा सुचवला. "चांगुणे, ह्या वर्षाच्या पट्ट्या हायेत ना अजून तुझ्यापाशी? अमावास्या व्हायची हाय. घ्येऊन ये ती पिशवी. मी बसतो मशीनवर, टोळीतल्या बायका हाताखाली येतील. लावू समद्याला नावं. मशीनला काय कळतंय कुनाचं नाव कुनाला लागलं?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. केंद्रातही कुणाला कळलं नसतं. मावशी मात्र उठून उभी राहिली.

"एकाच्या मढ्याला दुसऱ्याचं नाव लावू? न्हाई सॅम्युएल. जागा जाऊ दे माझी. ह्ये मी करनार न्हाई."

"अगं, कापडच हाय त्ये, तुला कुठं जाळायचंय त्याला!"

"न्हाई म्हनले ना."

अमावास्येच्या आदल्या दुपारी मी तिच्याकडे गेले. ती पैठणला जायची तयारी करत होती. पिशवी दाराशी होती. वर्षभराच्या पट्ट्यांनी गच्च भरलेली, चांगली उशीएवढी. मी सहज त्यातल्या मूठभर पट्ट्या काढून वाचायला लागले.

"काय लिव्हलंय?" मावशीने विचारलं.

"ही कंपनी. ही पण कंपनी. हीसुद्धा तीच."

"आन माणसं?"

मी पिशवी सुपात ओतली. मावशी समोर बसली. मी वाचत गेले आणि दोन ढीग करत गेले. एका बाजूला चकचकीत, विणलेल्या अक्षरांच्या पट्ट्या वाढत गेल्या, सूप भरून खाली सांडल्या. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या साध्या पट्ट्या. त्या मावशीच्या ओंजळीतसुद्धा सैल बसल्या असत्या.

"एवढीच माणसं?"

"एवढीच."

"मंग बाकीचे?"

"कंपन्या मावशी. त्यातल्या बहुतेक त्याच त्याच. माझ्या केंद्रात ज्यांच्या नावाचे बोर्ड लावलेत ना, त्याच."

"म्हंजी जित्या हायेत."

"हो."

मावशीचा चेहरा लाल झाला. ती रडेल असं मला वाटलं. पण ती रडत नव्हती. तिने सुपातल्या पट्ट्यांची मूठ भरली आणि ती मूठ आवळून धरली.

"दरसाल पैठनला जाते मी. उपाशी जाते. एष्टीत उभी राहून जाते. ह्यांना पानी देते, म्हन्ते बाबांनो सुटा, जावा वर. आन हे तिकडं पैसं कापून घ्येऊन गादीवर बसल्यात? मेलेल्यांना सोडवायला गेले आन ह्या जित्यांना सोडवून आले मी? गंगेत? माझ्या हातानं?"

तिच्या इतक्या वर्षांच्या पुण्याईने त्या कंपन्यांना पुरावा न ठेवता सोडून दिलं होतं. त्यांच्या वकिलांनाही एवढं निगुतीने जमलं नसतं.

तिने पांढऱ्या पट्ट्या उचलून रुमालात बांधल्या आणि भिंतीतल्या देवळीत ठेवल्या. "ह्या गंगेत जातील. उद्या न्हाई तर परवा. माणसं हायेत, समजून घेतील." मग सुपाकडे बघून म्हणाली, "आन ह्यांना केडगावला."

त्यानंतर ती घराबाहेर पडली आणि तिने सॅम्युएलकाकाला बोलावलं, लंकाबाईला बोलावलं, टोळीतल्या सात-आठ बायका गोळा केल्या. गावातल्या कानिफनाथचा टेम्पो तिने ठरवला. कानिफनाथ म्हणाला, वास येईल, धुवावा लागेल. लंकाबाई म्हणाली, "तुझ्या टेम्पूत कोंबड्या जात्यात तवा अत्तर मारतोस व्हय रं?" बायका ओढ्यात उतरल्या. चिखलात कुजलेले कपडे ओढून काढायला उसाच्या मोळ्या ओढायची ताकद लागते. ती या बायकांपाशी होती. नळ्यांतले बोळे लंकाबाईने कोयत्याने फोडले. काठावर पाणी निथळू दिलं आणि अमावास्येला सकाळी टेम्पो भरला. ढीग एका खेपेत मावला नाही. दुसरी खेप केली.

मी आदल्या संध्याकाळीच केडगावला परतले होते, तेव्हा केंद्रात होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने कापडाचा टेम्पो बघितला आणि सवयीने फाटक उघडलं. अंगण स्वच्छ होतं, एका बाजूला पांढऱ्या कात्रणाच्या नीट रचलेल्या थप्प्या, भिंतीवर कंपन्यांची नावं लिहिलेला मोठा फलक. त्या फलकाखाली टेम्पोचा मागचा फाळका पडला आणि ढीग उतरला. काळा, ओला, वळवळणारे किडे असलेला.

सुनील सर नाकाला रुमाल लावून धावत आले. "मावशी, हे काय? तुम्ही इथे असं टाकू शकत नाही!"

"टाकत न्हाई. पोचवतीया."

"अहो, पण मी सांगितलं होतं ना, याला लेबल नाही."

मावशीने बरोबर आणलेली पट्ट्यांची पिशवी सोडली आणि ढिगावर उपडी केली. चकचकीत पट्ट्या त्या चिखलावर पसरल्या. काही उडून पांढऱ्या थप्प्यांवर जाऊन बसल्या.

"ही घ्या नावं. तुमच्या भितीवर लिव्हल्यात तीच. लावून बघा."

"पण कुठलं नाव कुठल्या कपड्याचं हे सिद्ध कसं करणार?"

"मी का करू? मी बनवलेत का?" तिचा आवाज चढला. आतले कामगार बाहेर येऊन उभे राहिले. ती थप्प्यांकडे गेली आणि एक कात्रण उचलून हुंगलं. "ह्ये तर कुनी घातलंबी न्हाई. ह्याला ना घाम, ना डाग. तरी ह्याला तुमी मांडीवर घ्येता. माझं पोर घाण झालंय म्हनून अनाथ व्हय? सायेब, हमाली तुमी घ्येतली. आता पोतं उतरून घ्या."

सर म्हणाले, पोलिसांना फोन करावा लागेल.

"करा. पोलीस इचारतील ह्यो माल कुनाचा. भित दाखवा त्यांना."

सरांनी फोन हातात घेतला, भिंतीकडे बघितलं आणि फोन खिशात ठेवला.

इथपर्यंत सांगितलं की लोक टाळ्या वाजवतात. म्हणून पुढचं पण सांगते. महिन्याभरात संस्थेचा अहवाल आला. त्यात त्या ढिगाचा फोटो होता, खाली लिहिलं होतं की केंद्राने ग्रामीण भागातून वस्त्र-कचऱ्याचं यशस्वी संकलन केलं. फोटोच्या कडेला मावशीचा एक हात दिसत होता, कोपरापर्यंत. बाकीची ती कापली गेली होती. ढीग तिथे राहिला नाही. दोन ट्रॉल्या आल्या आणि घेऊन गेल्या. कुठे नेला असं मी विचारलं, तर मला सांगण्यात आलं की तो माझ्या कामाचा भाग नाही. आता तिथलं कुठलंच काम माझ्याकडे नाही. तो ढीग दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या ओढ्यात असेल, या विचाराने मला अजूनही झोप लागत नाही. टेम्पोचं भाडं मावशीने स्वतः दिलं. निधीतून एक दमडी आली नाही. परिषदेत तिचा व्हिडिओ दाखवला, लोकांनी उभं राहून दाद दिली म्हणे.

पण ओढा मोकळा झाला. आदिनाथ घटस्थापनेला आला, पुलावरून वाकून बघितलं आणि म्हणाला, "जागा तुमचीच काकू." मावशी म्हणाली, "ती माझीच हुती."

दसऱ्यानंतरच्या बाजारात मी तिच्याशेजारी बसले होते. टोळ्या निघायच्या तयारीत होत्या, स्वेटरला गिऱ्हाईक होतं. मावशीने पट्टे तोडले, गाठ फुगली. तिने पहिला स्वेटर उचलला, मान उलटी केली, पट्टी बोटाने चाचपली. आणि तो तसाच पुढे फेकला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघी-तिघी उठून गेल्या. त्या आजतागायत परत आलेल्या नाहीत.

लंकाबाईने तो स्वेटर उचलला. "कात्री इसरलीस का गं?"

"न्हाई. इथंच हाय."

"मंग काप की."

"पांढरी आसंल तर कापीन. ती माणसाची. ही चमकती हाय, ही कंपनीची. ही र्‍हाऊ दे."

"का म्हनून?"

"फाटला की फेकू नको. मला आणून दे. नाव आसंल तर कुणाच्या दारात न्यायचं ते कळंल."

लंकाबाईने स्वेटर उलटा-सुलटा करून बघितला. पट्टीवर थुंकल्यासारखं केलं, मग तो डोक्यातून घातला आणि बाह्या खाली ओढल्या.

"मागल्या टायमाला ताप माझ्या मालकाला आला हुता," ती म्हणाली. "ह्या टायमाला तुझ्या कंपनीला येऊ दे."

सॅम्युएलकाकाने मशीनचं पायडल मारलं. मावशीने पुढचा कपडा उचलला आणि त्याची मान उलटी केली.